खालची सही

कुरुद, भिलाई
१० नोव्हेंबर २०२४

दयाराम,

पाकीट पाहून तुला वाटेल, हिऱ्याला म्हातारचळ लागला, घरात चार फोन असून पोस्टात जातो. पण तुझ्या कानांनी स्टील प्लांटच्या मिलमध्येच राजीनामा दिला. मी फोनवर ओरडतो आणि तू म्हणतोस, "हो हो, धान बरं हाय औंदा." व्हॉट्सअॅपवर लिहावं तर ते तुझ्या सुनेच्या फोनवर जातं आणि तुझ्याआधी अख्खं खैरी गाव वाचतं. म्हणून पत्र.

बातमी चांगली नाही. माझ्या लिव्हरमध्ये गाठ निघाली आहे, कॅन्सरची. ऑगस्टपासून अन्न जात नव्हतं. शकुबाईला वाटायचं, मी तिच्या हातच्या भाजीला नावं ठेवतो, आणि दोन महिने आमचं त्यावरूनच वाजत होतं. शेवटी राहुलने रजा टाकून तपासण्या करवल्या. मी दारूच्या वाटेला कधी गेलो नाही, ते तुला ठाऊकच आहे. डॉक्टर म्हणतात, जुन्या काविळीचा विषाणू आत दबा धरून बसला होता. गाठ मोठी आहे, लिव्हरच्या मुख्य शिरेत शिरली आहे, त्यामुळे कापून काढता येत नाही.

उपाय मात्र तुला समजेल असा आहे. नेहमीच्या केमोत औषध हाताच्या शिरेतून देतात आणि ते सगळ्या अंगभर फिरतं. माझ्यात तसं नाही. जांघेतल्या धमनीतून एक बारीक नळी सरकवत सरकवत थेट लिव्हरच्या धमनीपर्यंत नेतात, समोर पडद्यावर बघत. मग पंप लावून औषध तिथल्या तिथे सोडतात. सगळ्या मिलला सप्लाय न देता एकाच मोटरला सरळ केबल टाकावी तसं. मी त्या तरुण डॉक्टरला हे सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, "काका, बिलकुल सही पकड़े हैं."

पण पंप चालतो दोन दिवस. तेवढा वेळ उताणं पडून राहायचं आणि उजवा पाय सरळ ठेवायचा. कूस बदलायची नाही, उठून बसायचं नाही, नळी सरकते. दर तीन आठवड्यांनी रायपूरला जायचं. पहिला नंबर पाच तारखेला झाला. उलट्या झाल्या, पोट दुखलं, पण मी ठीक आहे. राहुलने सगळं पाहिलं, कागद भरले, सह्या केल्या. बापाच्या मागे असा पोरगा उभा राहावा, आणखी काय हवं?

घाबरू नको. तुझ्या घरी मात्र कोणाला सांगू नको.

हिरालाल

*

खैरी, ता. सडक अर्जुनी
१८ नोव्हेंबर २०२४

हिरा,

पत्र वाचलं आणि सरळ बोडीच्या पाण्याकाठी जाऊन बसलो. घरात बसलो असतो तर बायकोने चेहऱ्यावरून ओळखलं असतं. रडलो, लपवत नाही. मग तुझा राग आला. दोन महिने अन्न जात नाही आणि हा गृहस्थ बायकोशी भाजीवरून भांडतो. सबस्टेशनमध्ये जळका वास आला तर तू पळत जायचास, आणि स्वतःच्या पोटातला वास तुला आला नाही?

आता काम हाती घेतलंस तर पुरं कर. अर्ध्यात पाना टाकून घरी जाणाऱ्यांतला तू नाहीस. दोन दिवस पडून राहायला सांगितलं तर राहा. तू मुळात स्वस्थ बसणारा नाहीस, म्हणून त्रास वाटत असेल. सिलिंगचे पंखे मोज, नर्सबाईंना वायरिंग शिकव.

मी यायला निघालो होतो. सुनेने अडवलं. म्हणते, गाडीत स्टेशनचं नाव पुकारतात ते तुम्हाला ऐकू येणार नाही, दुर्गऐवजी बिलासपूरला उतरसान. ती खोटं बोलत नाही, हेच वाईट.

नवीन तांदूळ निघाला आहे, पाठवतो. मऊ भात खा. राहुलला म्हणावं, काकाचा आशीर्वाद आहे. मुलगा सोन्यासारखा निघाला. त्याचं मन मोडेल असं काही करू नको.

दयाराम

*

कुरुद
४ डिसेंबर २०२४

दयाराम,

दुसरा नंबर झाला. आता तुला खरं लिहितो, कारण आणखी कोणाला सांगायची सोय नाही.

पंखे मोजून झाले. एकच आहे, आणि तोही बंद. औषध आत जायला लागलं की बरगडीखाली कोणीतरी मूठ आवळल्यासारखं दुखतं. ते एक वेळ सोसेन. पण ते पडून राहणं सोसवत नाही रे. पाठीला घाम येतो, माशी नाकावर बसते, पायात गोळा येतो आणि पाय दुमडायचा नाही. लघवीलाही तिथेच. पस्तीस वर्षं मी टनेलमध्ये सरपटत केबल ओढल्या, कधी जीव कोंडला नाही. त्या स्वच्छ पांढऱ्या खोलीत मात्र मला ओरडावंसं वाटतं.

घरी आलो की दहा दिवस उलट्या आणि झोप. गार पाण्याला बोट लावलं की झिणझिणी येते. आयुष्यभर करंटमध्ये हात घातला, कधी शॉक बसला नाही, आता अंगणातला नळ शॉक देतो. मग पाच-सहा दिवस बरे जातात. अंगणात खुर्ची टाकून बसतो, शकुबाईशी दोन गोष्टी होतात, वरण-भात जातो. तेवढ्यात राहुल बॅग भरायला घेतो. महिन्यातले ते पाच-सहा दिवसच माझे, दया. मला आणखी तसे दिवस हवेत, बाकी काही नको. गाठ तेवढीच आहे. डॉक्टर म्हणतात वाढली नाही हेही चांगलं, पण तिसऱ्या-चौथ्यानंतर पुन्हा बघू, आणि पुढे जायचं की थांबायचं हे तुम्ही ठरवा. किती महिने मिळतील ते तेही छातीठोक सांगत नाहीत.

मला थांबायचं आहे. पण थांबवणं माझ्या हातात नाही. टॅग राहुलचा आहे.

तुला समजावून सांगायला नको, तरी लिहितो. पहिल्या दिवशी काउंटरवर फॉर्म आला. वर मी सही केली, खाली राहुलने. माझा चष्मा घरी राहिला होता, पण सह्या कुठे झाल्या ते दिसलं. मिलमधल्या आपल्या परमिट बुकातही तसंच होतं. वर काम करणाऱ्या माणसाची सही, खाली त्याची ज्याच्या नावाचा लाल टॅग बंद स्विचवर लटकायचा; तो निघेपर्यंत मशीन बंदच. खालची सही ज्याची, टॅग त्याचा, आणि तो त्यानेच काढायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, मग चीफ इंजिनिअर का येईना. तू एकदा टॅग तसाच ठेवून सेक्टर १० च्या क्वार्टरला गेलास, आठवतं? सगळी गँग बसून राहिली. टॅग माझ्या हाताच्या अंतरावर होता. पण मी सायकल मारत तुझ्या घरी आलो आणि तू कानात साबण घेऊन माझ्यामागे आलास. तो टॅग तूच काढलास.

तर आता बंद करून ठेवलेली मशीन मी आहे. मशीन कधी म्हणते का, की काढा आता टॅग? राहुलने मोठ्या आशेने लावला आहे. त्याला वाटेल तेव्हा तो काढेल. मी तोंड उघडणार नाही, आणि तूही त्याला कळवू नको. शपथ आहे.

हिरालाल

*

खैरी
१२ डिसेंबर २०२४

हिरा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू म्हणतोस ते बरोबर आहे, याचंच वाईट वाटतं. ज्याचा टॅग त्यानेच काढायचा. आपण दोघांनी हा नियम पाळला म्हणून आज दोघांची दहा-दहा बोटं जागेवर आहेत. मी तुझ्या जागी असतो तर मीही गप्पच पडलो असतो.

पण राहुल काही आंधळा नाही. दुर्गच्या कलेक्टोरेटमध्ये लोकांचे चेहरे बघून काम करतो. बापाचा चेहराही त्याला दिसत असेलच. तो स्वतःहून म्हणेल. तू थोडी कळ काढ.

पाठीखाली सुती चादर चौपट करून घालायला सांग. माझी बायको बाळंतीण सुनेला तसं करायची. हसू नको.

तांदूळ पोचला का? लिहिलं नाहीस.

दयाराम

*

रायपूर, दवाखान्यातून
१८ डिसेंबर २०२४

दया,

पेन्सिलने लिहितो आहे. उताण्या माणसाचा बॉलपेन चालत नाही, शाई उलटी पळते. सिस्टरकडून पेन्सिल मागितली.

तिसरा नंबर. अजून वीस तास आहेत. तांदूळ पोचला.

राहुल बाजूच्या स्टुलावर बसून आहे. त्याच्या गालांची हाडं दिसायला लागली. तो विचारतो, "बाबा, ठीक हाय ना?" मी म्हणतो, "ठीक हाय." मग मी विचारतो, "तू जेवला का?" तो म्हणतो, "जेवलो." दोघंही खोटं बोलतो. सकाळपासून हेच आठ-दहा वेळा झालं. एकदा त्याने विचारलं, "बाबा, लय त्रास होऊन राहिला का?" माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्याचा चेहरा असा झाला होता की मी म्हटलं, "मले काय होते? तू काहून घाबरतं?"

डॉक्टर सकाळी आले. राहुलकडे बघून म्हणाले, "आगे भी करना है?" राहुलने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. राहुल म्हणाला, "जी, बाबा तैयार हैं।"

मी इथून सुटणार नाही, दया. हा मुलगा मला प्रेमाने मारतो आहे, आणि मला त्याचा राग यायला लागला आहे. स्वतःच्या लेकराचा राग. हे लिहिल्याची लाज वाटते, पण पुसत नाही.

हिरा

*

खैरी
२७ डिसेंबर २०२४

चि. राहुल यास, दयाराम काकाकडून.

तू मला सेक्टर १० मध्ये खांद्यावर बसवलेलं पोर म्हणून आठवतोस. तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहितो, कारण हे पत्र तुझ्या बाबांच्या हातात पडायला नको. त्यांनी मला शपथ घातली होती, ती मी मोडतो आहे. मिलमध्ये असतो तर मला सस्पेंड केलं असतं.

बाबा थकले. त्यांना उपचार थांबवायचा आहे. पण त्यांच्या मते तो थांबवण्याचा हक्क तुझा आहे, कारण दवाखान्याच्या फॉर्मवर खालची सही तुझी आहे. आमच्या परमिट बुकात खाली ज्याची सही त्याच्याच नावाचा टॅग मशीनवर लटकायचा, आणि तो टॅग दुसऱ्या कोणी काढायचा नाही, खुद्द मशीनजवळच्या माणसानेही नाही. तुला हे वेडेपण वाटेल. आम्हाला वाटत नाही. आम्ही पस्तीस वर्षं याच्यावर जगलो. तू काढल्याशिवाय ते उठणार नाहीत, आणि तुला सांगणारही नाहीत.

तुझी चूक नाही, बेटा. तू आशा सोडावी असं मी म्हणत नाही. फक्त त्यांना एकदा मोकळं कर. तीन आठवड्यांच्या हिशोबाने पुढची तारीख सात जानेवारी येते.

तुझा काका,
दयाराम

*

दुर्ग
६ जानेवारी २०२५

आदरणीय काका, नमस्कार.

तुमचं पत्र आज मिळालं. ऑफिस नवीन वर्षात दोन-तीन दिवस बंदसारखंच होतं, डाक टेबलावर पडून राहिली. मी हिंदी मिडियमचा, मराठी घरात बोलतो पण लिहायची सवय नाही. चुका समजून घ्या.

काका, पत्र वाचून मी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसलो. मी दिवसभर लोकांचे फॉर्मच तपासतो. कोणाची सही कुठे हवी, ते मी लोकांना सांगतो. आणि माझ्याच घरात हे झालं.

खालची माझी सही गवाहाची आहे. साक्षीदार म्हणून. वर मरीज म्हणून बाबांची सही आहे. इलाजाला होकार बाबांचा आहे, माझा नाही. तिन्ही वेळेच्या कागदांत असंच आहे. बाबांना न विचारता मी काही करूच शकत नव्हतो. तुमच्या नियमाने पाहिलं तर टॅग बाबांचाच आहे. मी त्यांनी तो काढायची वाट बघतो आहे. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी बाबांकडे पाहिलं ते यासाठीच. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं त्यांना लढायचं आहे, आणि मी नाही म्हणालो तर त्यांना वाटेल की पोरगा थकला, बापाला सोडून दिलं.

खरं सांगू का, मी थकलो आहे. ते मी आईलाही सांगितलेलं नाही.

मी बाबांना हे सांगू शकत नाही. माझ्या तोंडून 'आता बंद करू' निघालं, की त्याचा अर्थ एकच होईल. आणि उद्या तर निघायचं आहे, गाडी सांगून झाली. काका, तुम्हीच लिहा. तुमचं ते ऐकतात.

तुमचा,
राहुल

*

खैरी
१३ जानेवारी २०२५

हिरालाल,

दोन गाढवं एकाच खुंट्याला बांधलेली असावीत तसे आपण आहोत, आणि खुंटा जमिनीत रोवलेलाच नाही.

मी राहुलला लिहिलं. शपथ मोडली. ओरडायचं तर ओरड, तसंही मला ऐकू येणार नाही. पोराचं उत्तर आलं. दवाखान्याच्या कागदात वरची सही रोग्याची असते, म्हणजे मालकाची. खालची साक्षीदाराची. परमिट बुकाच्या उलट. टॅग तुझाच होता. पहिल्या दिवसापासून तुझ्याच नावाचा. राहुल बिचारा बाजूला उभा राहून तू तो कधी काढतोस याची वाट पाहत होता, आणि तू पंख्याकडे बघत होतास.

मीही तेवढाच दोषी. 'नियम बरोबर आहे' असं मीच लिहिलं. कोणाची सही कुठे, हे एकदा विचारायचं साधं डोकं मला नव्हतं. हे पत्र पोचेल तोवर चौथा नंबर होऊन गेला असेल. तो माझ्या माथी.

आता तुला जे वाटतं ते कर. पण तूच कर. दुसरं कोणी करणार नाही.

दयाराम

*

कुरुद
२० जानेवारी २०२५

दया,

पत्र पोचलं. चौथा झाला, सात तारखेलाच. या वेळी पोटात पाणी भरायला लागलं आहे, पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, गाठ तशीच आहे, लिव्हर मात्र थकतं आहे. 'सोचके बताइए.' पाचव्याची तारीख अठ्ठावीस दिली.

पत्र वाचून मी खूप वेळ हसलो. शकुबाई धावत आली, तिला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. मग तिला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मले इचारलं असतं त सांगितलं नसतं का? मी त रोज सांगून राहिले, पुरे करा म्हणून." खरं आहे. ती रोज म्हणत होती. तिची सही कुठेच नव्हती म्हणून मी ऐकलं नाही.

आता खरी गोष्ट ऐक. तुला वाटत असेल, मी उठून बसलो आणि मोकळा झालो. तसं झालं नाही. टॅग राहुलचा होता तोपर्यंत मला सुटायची केवढी घाई होती! त्याच्यावर चिडत होतो, मनात भांडत होतो. आता कळलं की माझाच आहे, तर हात वर जात नाही. काढला की पुढे काय, ते मला माहीत आहे. तीन दिवस झाले, मी राहुलला एक अक्षर बोललो नाही. तोही बोलत नाही. तो ऑफिसातून येतो, बाजूला बसतो, विचारतो, "बाबा, ठीक हाय ना?"

मला मरायची भीती वाटते, दया. बस, एवढंच. त्या खोलीतल्या पंख्यापेक्षा जास्त. हे तुलाच लिहू शकतो.

हिरालाल

*

खैरी
२५ जानेवारी २०२५

हिरा,

भीती मलाही वाटते. तुझ्या मरणाची आणि माझ्याही. यावर माझ्याकडे अक्कल नाही, असती तर लिहिली असती.

मी येतो आहे. सुनेला सांगितलं, बिलासपूरला उतरलो तर परतीच्या गाडीने येईन. शेवटी ठरलं, पुढच्या महिन्यात धाकटा मुलगा रिकामा झाला की तो सोबत बसवून आणेल. तोवर अठ्ठावीसला तू काय करशील ते कर. मी तुला गाढव म्हणणार नाही, काहीही केलंस तरी.

दयाराम

*

कुरुद
१२ फेब्रुवारी २०२५

दया,

अठ्ठावीसला रायपूरला गेलो. बॅग नेहमीसारखी भरलेली. राहुल पुढे ड्रायव्हरजवळ बसला, मी मागे.

डॉक्टर म्हणाले, "काका, आज पाँचवाँ है। तैयार?" सिस्टरने फॉर्म पुढे केला. या वेळी चष्मा होता. वरच्या ओळीत माझं नाव लिहिलेलं दिसलं. मी म्हटलं, "नहीं साहब। अब नहीं कराना।" एवढंच बोललो. राहुल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. डॉक्टरांनी पेन ठेवला आणि माझ्या पायाची सूज दाबून पाहिली. म्हणाले, ठीक आहे, हेही बरोबर आहे. दुखण्याच्या गोळ्या लिहिल्या, पोटातलं पाणी काढायला कधी यायचं ते सांगितलं. निघताना म्हणाले, "मन बदले तो आ जाइए, दरवाज़ा खुला है।" भला माणूस आहे. पण हे वाक्य त्याने बोलायला नको होतं.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी राहुल चहा घेऊन माझ्या खुर्चीजवळ आला आणि म्हणाला, "बाबा, डॉक्टर म्हणे मन बदललं त या. जायचं का?" मी म्हटलं, "नाही." तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोज. ऑफिसला जायच्या आधी चहा देतो, चप्पल घालतो आणि दारातून विचारतो. मला वाटलं होतं, एकदा नाही म्हटलं की काम संपलं. कसलं संपतंय? रोज सकाळी मला नव्याने नाही म्हणावं लागतं, आणि दर वेळी तो खालच्या मानेने जातो. शकुबाई त्याच्यावर खेकसली, तरी विचारतोच. तो ऐकत नाही, कारण नाही हा शब्द त्याला ऐकायचाच नाही.

मला ते दिवस मिळाले आहेत, जे मी मागत होतो. उलट्या नाहीत. ऊन अंगावर घेतो. तुझ्या तांदळाची पेज जाते. पाण्याने पोट फुगतं तेव्हा दवाखान्यात जाऊन काढून येतो, तासाभराचं काम असतं. पण खरं सांगतो, ते दिवस मला मोकळे मिळाले नाहीत. प्रत्येक दिवसाच्या तोंडाशी राहुल उभा असतो.

काल सकाळी त्याने विचारलं नाही. चहा दिला, चप्पल घातली आणि गेला. मी दिवसभर खुर्चीत बसून होतो. गेट वाजलं की मान वळायची. शकुबाई म्हणाली, "कोनाची वाट पाहून राहिले?" मी म्हटलं, कोणाची नाही.

संध्याकाळी तो आला. मीच म्हटलं, "सकाळी इचारलं नाही तू." तो माझ्या पायाशी जमिनीवर बसला. किती वर्षांनी बसला असेल. म्हणाला, "बाबा, तुमचा नाही म्हनायचा आवाज रोज बारीक होऊन राहिला. मले भेव वाटते. एखाद्या दिवशी तुमी फक्त माझ्यासाठी हो म्हनसान. म्हनून आता मी इचारत नाही."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस पिकायला लागलेत त्याचे.

तो दिवस कालचाच होता, दया. त्याने सकाळी विचारलं असतं तर मी हो म्हणणार होतो. चहाचा कप हातात घेतला तेव्हा ठरवलंच होतं. हे मी त्याला सांगितलं नाही, आणि तूही सांगू नको. ये लवकर.

हिरालाल